बर्था बेंझ

गेल्या पावसाळ्यांत शाळेंतील कांहीं विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन आम्ही चिपळुणाहून कोयनानगरला जावयास निघालों होतों. गाडी भाड्याची, पेट्रोलवर चालणारी आणि वयानें बरीच उतरलेली अशी होती. कुंभार्ली घाटाची अर्धी चढण संपते न संपते तोंच तिचें कांहीं तरी बिनसलें. चार ठोके नीट पडावे, पांचवा चुकावा, आणि साऱ्या गाडीला एक हिसका बसावा, असा प्रकार सुरू झाला. गॅरेजांतील मंडळी याला गाडी मिसिंग करते असें म्हणतात. ड्रायव्हर पोक्त वयाचा होता. त्यानें गाडी डोंगराच्या कडेला उभी केली. पण अवजारांच्या पेटीला लगेच हात लावला नाहीं. इंजिन चालूं ठेवून तो दोन-तीन मिनिटें नुसता कान देऊन उभा राहिला. मग उघड्या झांकणावर त्यानें एक जाड घोंगडी धरली, आंत अंधार केला, आणि आम्हांस जवळ बोलावून बोटानें दाखविलें. एका प्लगकडे जाणाऱ्या तारेवरील रबर घांसून विरलें होतें, व तेथून एक बारीक निळी ठिणगी शेजारच्या लोखंडावर उडत होती. इंजिन बंद करून त्यानें तार पुसून कोरडी केली, सायकलच्या जुन्या ट्यूबची एक पट्टी तिच्यावर घट्ट गुंडाळली, आणि दहा मिनिटांत आम्ही पुन्हां मार्गस्थ झालों.

मुलांना याचें मोठें नवल वाटलें. आम्हांस मात्र त्या वेळीं एका बाईंची आठवण झाली. १८८८ सालीं जर्मनींतील एका रस्त्यावर त्यांनीं हेंच काम जवळजवळ अशाच रीतीनें केलें होतें. त्यांच्यापाशीं ट्यूबची पट्टी नव्हती, आणि विचारावयास जवळपास एकहि गॅरेज नव्हतें. कारण गॅरेज ही वस्तुच तोंवर जगांत निर्माण झालेली नव्हती. त्या बाईंचें नांव बर्था बेंझ. मोटारगाडीचे जनक कार्ल बेंझ यांच्या त्या पत्नी. त्यांचें चरित्र आमच्या वाचकांस सांगावें असें तेव्हांच मनांत आलें होतें. तो योग या अंकांत येत आहे.

बर्थाबाईंचा जन्म ३ मे १८४९ रोजीं फोर्त्सहाइम या गांवीं झाला. हें गांव तेव्हांच्या बाडेन संस्थानांत, ब्लॅक फॉरेस्ट या विस्तीर्ण अरण्याच्या उत्तर टोकाशीं असून सोन्यारुप्याच्या दागिन्यांबद्दल प्रसिद्ध आहे. त्यांचे वडील कार्ल फ्रीडरिख रिंगर हे सुतारकाम व बांधकाम यांत पैसा मिळवून सुस्थितींत आलेले गृहस्थ होते. मुलीच्या जन्माची नोंद घरच्या पवित्र शास्त्राच्या प्रतींत करतांना पुन्हां मुलगीच झाली अशी खंत त्यांनीं तेथेंच लिहून ठेविली, आणि पुढें ती ओळ त्या मुलीच्याच वाचनांत आली, अशी एक हकीगत सांगतात. आपल्याकडे असल्या खंतीची लेखी नोंद होत नसे, एवढाच काय तो फरक.

मुलींच्या शाळेंत जें शिक्षण मिळण्यासारखें होतें तें बर्थाबाईंना मिळालें. यंत्रांची गोडी त्यांना लहानपणापासून होती. परंतु त्या गोडीला पुढें वाट नव्हती. बाडेन संस्थानानें विश्वविद्यालयांत स्त्रियांना रीतसर प्रवेश दिला तो १९०० सालीं, आणि त्या वेळीं बर्थाबाई पन्नाशी ओलांडून गेल्या होत्या. तेव्हां त्यांनीं यंत्रविद्या शिकली ती कोणत्याहि वर्गांत नव्हे, तर नवऱ्याच्या कारखान्यांत, उभ्या उभ्या, हातांना तेल लावून.

१८६९ सालीं एका सहलींत त्यांची कार्ल बेंझ या तरुण एंजिनियराशीं ओळख झाली. कार्ल यांचे वडील आगगाडीच्या इंजिनावर ड्रायव्हर होते. मुलगा दोन वर्षांचा होण्यापूर्वींच ते वारले. आईनें मोठ्या कष्टानें मुलाला कार्ल्सरूहे येथील पॉलिटेक्निकांत शिकविलें. या तरुणापाशीं पैसा नव्हता. घोड्यावांचून स्वतःच्या बळानें चालणारी गाडी करावयाची, ही एक कल्पना मात्र होती, आणि ती ऐकून हंसणारे लोक भरपूर होते. बर्थाबाई हंसल्या नाहींत. त्यांनीं ती कल्पना समजावून घेतली, व त्या माणसाशींच लग्न करावयाचें ठरविलें.

१८७१ सालीं कार्ल बेंझ यांनीं आउगुस्ट रिटर नांवाच्या भागीदाराबरोबर मान्हाइम येथें एक लहानसा यांत्रिक कारखाना काढला. हा भागीदार भरंवशाचा निघाला नाहीं. कारखाना हातचा जाण्याची वेळ आली तेव्हां बर्थाबाईंनीं आपल्या वडिलांकडून हुंड्याची रक्कम लग्नापूर्वींच मागून घेतली व रिटर यांचा भाग विकत घेऊन कारखाना वांचविला. हुंडा हा शब्द वाचून आमच्या वाचकांच्या कपाळास आठी पडेल, आणि ती पडावीहि. परंतु वाजंत्री व जेवणावळी यांत जाणारा पैसा लेथ व ऐरण यांत गेल्याचें हें उदाहरण नोंदण्याजोगें आहे. यांत कायद्याची एक खोंचहि होती. अविवाहित असतांना त्यांना हा पैसा आपल्या इच्छेनें गुंतवितां आला. २० जुलै १८७२ रोजीं विवाह झाला, आणि त्या दिवसापासून तेथील कायद्याप्रमाणें त्यांचा व्यवहाराचा अधिकार संपला. ज्या धंद्यांत त्यांचें सर्वस्व अडकलें होतें त्या धंद्याच्या कागदावर त्यांचें नांव राहिलें नाहीं.

पुढचीं वर्षें हालाचीं गेलीं. अयूगेन व रिचर्ड हे मुलगे अनुक्रमें १८७३ व १८७४ सालीं झाले, क्लारा १८७७ सालीं झाली; आणि धंदा तर डबघाईला आलेला. चार ठोक्यांच्या इंजिनाचें पेटंट निकोलाउस ऑटो यांच्या कंपनीपाशीं असल्यामुळें कार्ल बेंझ दोन ठोक्यांचें इंजिन जुळवीत होते, व तें कांहीं केल्या चालत नव्हतें. १८७९ च्या वर्षअखेरीच्या रात्रीं जेवणें झाल्यावर बर्थाबाईंनीं नवऱ्याला पुन्हां एकदां कारखान्यांत नेलें. त्या रात्रीं इंजिन चालूं झालें आणि चालतच राहिलें. नवें वर्ष लागल्याच्या घंटा गांवांत वाजूं लागल्या तरी दोघें तें ऐकत उभीं होतीं. ही गोष्ट कार्ल बेंझ यांनीं आपल्या आत्मचरित्रांत लिहून ठेविली आहे. हा प्रसंग आम्हीं येथें घेतला तो केवळ गोड आहे म्हणून नव्हे. नीट चालणाऱ्या इंजिनाचा आवाज कसा असतो, हें ज्याच्या कानांत पक्कें बसलें आहे त्यालाच बिघडलेल्या इंजिनाचा आवाज ओळखतां येतो. बर्थाबाईंच्या कानाचें शिक्षण त्या रात्रीं सुरू झालें असें म्हटल्यास चालेल.

१८८३ सालीं बेंझ आणि कंपनी ही नवी संस्था निघाली व स्थिर इंजिनांच्या विक्रीवर घर चालूं लागलें. १८८५ सालीं तीन चाकांची गाडी तयार झाली, आणि २९ जानेवारी १८८६ रोजीं तिच्या पेटंटाचा अर्ज दाखल झाला. त्याचा क्रमांक ३७४३५. या पेटंटावर अर्थातच एकट्या कार्ल बेंझ यांचें नांव आहे. इंजिन आतां चार ठोक्यांचें होतें. सिलिंडर एकच, शक्ति पाऊण घोड्याची, आणि फेरे मिनिटाला सुमारें ४००. मागच्या बाजूला एक मोठें आडवें चक्र असे. तें हातानें फिरवून इंजिन सुरू करावयाचें.

यंत्र अजब होतें यांत संशय नाहीं; पण तें घेणार कोण? वर्तमानपत्रांतून थोडी वाहवा झाली, रस्त्यावरचे लोक थांबून पाहूं लागले, घोडे बुजूं लागले, आणि गिऱ्हाईक मात्र येईना. कार्ल बेंझ हे स्वभावानें अतिशय काळजीपूर्वक वागणारे. अमुक एक भाग सुधारल्याखेरीज गाडी लांबच्या रस्त्यावर न्यावयाची नाहीं, असा त्यांचा बाणा. आणि तो भाग सुधारला कीं दुसरा एखादा भाग त्यांच्या डोळ्यांत खुपूं लागे. गांवाबाहेर थोडे फेरफटके मारून गाडी परत आंत येई. जी गाडी तिचा कर्ताच दूरवर नेत नाहीं, ती लोकांनीं पैसे देऊन कां घ्यावी? बर्थाबाईंचा हुंडा, पंधरा-सोळा वर्षांचा संसार व नवऱ्याची उमेद हीं सर्व या एका प्रश्नावर येऊन अडकलीं होतीं. त्याचें उत्तर बर्थाबाईंनीं द्यावयाचें ठरविलें.

१८८८ च्या ऑगस्ट महिन्यांत, शाळांना सुट्टी असतांना, एके दिवशीं पहांटे कार्ल बेंझ झोंपेंत असतांनाच त्या उठल्या. अयूगेन पंधरा वर्षांचा व रिचर्ड तेरा वर्षांचा. तिघांनीं गाडी आवाज न करतां ढकलत बाहेर काढली, व घरापासून दूर गेल्यावर चक्राला फेरा दिला. जावयाचें होतें माहेरीं, फोर्त्सहाइमला. अंतर सुमारें १०४ किलोमीटर. नवऱ्याला न विचारतां माहेरीं निघालेल्या बायकांच्या गोष्टी आमच्या वाचकांना ठाऊक असतील. परंतु नवऱ्याचेंच यंत्र घेऊन, त्याच्याच कीर्तीसाठीं निघालेली ही एकटीच असावी.

आतां या गाडीचा स्वभाव थोडा सांगितला पाहिजे. नाहीं तर पुढील प्रसंगांचें मर्म कळणार नाहीं. कोणत्याहि पेट्रोल इंजिनाला तीन गोष्टी लागतात. हवा व इंधन यांचें योग्य प्रमाणांत मिश्रण पाहिजे, तें सिलिंडरांत दट्ट्याखालीं नीट दाबलें गेलें पाहिजे, आणि दाबल्याबरोबर नेमक्या क्षणीं ठिणगी पडली पाहिजे. चार ठोक्यांच्या इंजिनांत चक्राच्या दोन फेऱ्यांस एकदां स्फोट होतो; म्हणजे मिनिटाला ४०० फेरे असतील तर ठिणगी २०० वेळां पडावी लागते, व दर वेळीं वेळेवर पडावी लागते. आजच्या गाडींत चार सिलिंडर असतात. चार भावांच्या घरांत एक आजारी पडला तर उरलेले तिघे कुरकुरत कां होईना पण गाडा ओढतात; आमची घाटांतली गाडी अशीच धडपडत चालली होती. बर्थाबाईंच्या गाडींत सिलिंडर एकच. त्याचा ठोका चुकला कीं सांवरून घेणारा दुसरा कोणी नाहीं. चक्राच्या अंगांत जो जोर शिल्लक असेल तेवढाच आधार.

इंधन म्हणून लिग्रॉइन नांवाचें हलकें पेट्रोलियम वापरीत. तें तेव्हां डाग काढण्याचें औषध म्हणून औषधांच्या दुकानांत बाटल्यांतून मिळे. गाडीला निराळी टांकी नव्हती. कार्ब्युरेटर म्हणजेच एक पात्र, त्यांत साडेचार लिटर लिग्रॉइन मावे, आणि त्याची वाफ हवेंत मिसळून इंजिनांत जाई. ठिणगी विजेची. बॅटरींतील प्रवाह एका कॉइलमधून नेऊन त्याचा दाब वाढवावयाचा व प्लगच्या टोंकाशीं ठिणगी पाडावयाची, अशी योजना होती. या कॉइलची एक पट्टी सारखी थरथरत असते व तिचा बारीक गुणगुणाट कानाला ऐकूं येतो. जाणत्याला हा गुणगुणाट म्हणजे अर्धें निदानच होय.

सकाळ बरी गेली. वाटेंत पाणी मात्र वरचेवर लागे. इंजिन थंड ठेवणारें पाणी उकळून उडून जात असे, आणि तें ओढ्यांतून, विहिरींतून, खानावळींतून मिळेल तसें आणून घालावें लागे. हायडेलबर्ग मागें पडलें. लिग्रॉइन संपत आलें तेव्हां वीसलोख या गांवांतील औषधाच्या दुकानाशीं गाडी थांबली, आणि दुकानदाराजवळ असलेलें लिग्रॉइन बर्थाबाईंनीं विकत घेतलें. एका डागासाठीं एवढें औषध कशाला लागतें, असा प्रश्न त्या सज्जनाला पडला असल्यास नवल नाहीं. आज त्या दुकानाला जगांतील पहिला पेट्रोल पंप म्हणून लोक भेट देतात.

मग गाडी अडखळूं लागली. इंधनाचा पुरवठा तुटूं लागला कीं इंजिन एकदम मरत नाहीं. तें धापा टाकतें, जोर देऊं जावें तर मागें सरतें, क्षणभर सावरतें, पुन्हां ढेपाळतें. ज्याला भूक लागली आहे त्याची चाल जशी असते तशीच ही चाल. बर्थाबाईंनीं दोष ठिणगीकडे न शोधतां इंधनाच्या नळीकडे शोधला. नळींत कचरा अडकला होता. त्या काळच्या युरोपियन बायकांच्या टोप्या मोठ्या असत व त्या केसांत खोंचून बसविण्यासाठीं हातभर नव्हे पण वीतभर तरी लांबीची टांचणी वापरीत. ती टांचणी काढून त्यांनीं नळी मोकळी केली, आणि गाडी चालूं लागली.

दुसऱ्या खेपेस आजार निराळा होता. ठिणगीच बिघडली. ठिणगी नाहींशी झाली म्हणजे इंजिन धापा टाकीत नाहीं. मध्येंच ठोका गिळतें व धक्का देतें, किंवा दिवा विझावा तसें गप्प बसतें. पाहतां पाहतां असें आढळलें कीं एका तारेवरचें वेष्टण घांसून उघडें पडलें आहे. वीज ही पाण्यासारखी आहे. जवळची उतरण मिळाली कीं प्लगपर्यंत जाण्याचे कष्ट ती घेत नाहीं. उघडी तार लोखंडाला लागली कीं प्रवाह तेथल्या तेथेंच उतरून जातो व सिलिंडरांतील मिश्रण न पेटतांच बाहेर पडतें. बर्थाबाईंनीं पायमोजा बांधण्याची आपली पट्टी सोडली व ती तारेवर गुंडाळली. तारेला नवें वेष्टण मिळालें व इंजिनाला ठिणगी.

या दोन गोष्टी पुष्कळ ठिकाणीं गंमत म्हणून सांगतात. टांचणी व मोज्याची पट्टी, म्हणजे बायकी वस्तु. त्यामुळें ऐकणारा हंसतो आणि गोष्ट तेथेंच संपते. आमच्या मतें हंसण्यासारखें त्यांत कांहीं नाहीं. टांचणी त्या काळच्या हजारों बायकांच्या डोक्यांत होती. ती कोठें खुपसावयाची हें एकीलाच ठाऊक होतें. दोन्ही वेळां गाडी अडली ती वरवर पाहणाऱ्यास सारखीच. तथापि एकदां उपाय नळीवर झाला आणि एकदां तारेवर. उलट झालें असतें, म्हणजे पट्टी नळीला व टांचणी तारेला लागली असती, तर तिघें मायलेकरें त्या रस्त्यावर बसून राहिलीं असतीं, आणि मान्हाइमच्या लोकांना हंसावयास एक नवें कारण मिळालें असतें.

आज ही विद्या पुष्कळ सोपी झाली आहे असें मानतात. आधुनिक गाडींतील संगणक चक्राची गति अखंड मोजत असतो. एखाद्या सिलिंडराचा ठोका चुकला कीं गति तेवढ्यापुरती मंदावते, ती त्याच्या ध्यानांत येते, व पी ०३०२ असा आंकडा तो नोंदून ठेवितो. याचा अर्थ एवढाच कीं दुसऱ्या सिलिंडराचा ठोका चुकतो. कां चुकतो, तें आंकडा सांगत नाहीं. प्लग मेला असेल, कॉइल गेली असेल, इंजेक्टर तुंबला असेल, किंवा झडप नीट बसत नसेल. हुशार मेकॅनिक अशा वेळीं नवें सामान मागवीत नाहीं. दुसऱ्या सिलिंडराची कॉइल काढून ती तिसऱ्यावर बसवितो व गाडी पुन्हां चालवून पाहतो. दोष तिसऱ्यावर गेला तर कॉइल वाईट. दुसऱ्यावरच राहिला तर कॉइल निर्दोष, पुढें पाहा. आंकडा दिसल्याबरोबर सगळेच भाग बदलून मोठें बिल करणारेहि आम्हीं पाहिले आहेत. आमच्या घाटांतील ड्रायव्हरापाशीं संगणक नव्हता, पण पाटणला पोंचतांच त्यानें ट्यूबची पट्टी काढून टाकली आणि नवी तार विकत घेऊन बसविली. बांधलेली तार म्हणजे दुरुस्त झालेली तार नव्हे, हें तो जाणत होता.

बर्थाबाईंच्या वाटेवर अजून पुष्कळ दुखणीं होतीं. चाकांकडे शक्ति नेणारी सांखळी ताणून सैल पडली, ती ब्रुखझाल येथील लोहाराकडून नीट करून घ्यावी लागली. पुढें डोंगराळ मुलूख लागला. चढणीला पुरेल असा मंद पण जोरकस वेग गाडींत नव्हताच. मग एकानें सुकाणूं धरावें व दोघांनीं मागून ढकलावें, असा क्रम चालला. खेड्यांतील मुलेंहि हात लावीत. उतारावर याच्या उलट संकट. ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजून गेले होते. बर्थाबाईंनीं एका खेड्यांतल्या चांभाराकडून त्या ठोकळ्यांवर चामडें ठोकून घेतलें. ब्रेकला अस्तर लावण्याची रीत जगभर पडली तिचा आरंभ या चांभाराच्या हातून झाला असें म्हणतात. त्याला मात्र त्या दिवशीं एक विचित्र काम आलें होतें, एवढेंच वाटलें असेल.

दिवस मावळल्यानंतर, धुळीनें माखलेलीं तिघें फोर्त्सहाइमला पोंचलीं, व कार्ल बेंझ यांना तार गेली. कांहीं दिवसांनीं त्याच गाडींतून दुसऱ्या एका रस्त्यानें तीं मान्हाइमला परत आलीं. दोन्ही वेळचें मिळून अंतर १९४ किलोमीटर भरतें.

घरीं आल्यावर बर्थाबाईंनीं नवऱ्यापुढें जें ठेविलें तें आम्हांस या प्रवासाचें खरें फळ वाटतें. चढणीसाठीं आणखी एक वेग पाहिजे, ब्रेकला चामडें पाहिजे. कारखान्याच्या आवारांत दहा वर्षें फिरूनहि जें कळलें नसतें तें दोन दिवसांच्या रस्त्यानें शिकविलें होतें. कार्ल बेंझ यांनीं त्याप्रमाणें सुधारणा केल्या. त्याच वर्षीं म्यूनिच येथील प्रदर्शनांत गाडीला सुवर्णपदक मिळालें, आणि पॅरिसचे एमील रोजे यांच्यामार्फत फ्रान्समध्यें गिऱ्हाईक लाभूं लागलें. यश एका रात्रींत आलें असें समजूं नये; परंतु १८९४ सालीं निघालेली वेलो ही लहान गाडी चांगली खपली, आणि १८९९ सालीं बेंझ कंपनीनें ५७२ गाड्या केल्या. त्या वेळीं मोटारी करणारा जगांतील सर्वांत मोठा कारखाना तोच होता. ठिणगीचा प्रश्न मात्र सर्वांनाच छळीत राहिला. स्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यांत गॉटलोब होनोल्ड यांनीं १९०२ सालीं उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला, तेव्हां कोठें लांबच्या प्रवासांत बॅटरी दगा देईल ही धास्ती कमी झाली.

पुढील आयुष्याविषयीं थोडेंच सांगावयाचें आहे. थिल्डे व एलेन या आणखी दोन मुली झाल्या. कंपनींत मतभेद होऊन १९०३ सालीं कार्ल बेंझ बाजूला झाले. १९०६ सालीं लाडेनबुर्ग या लहानशा गांवीं मुलाला घेऊन त्यांनीं नवा कारखाना काढला, व तेथेंच कुटुंब स्थायिक झालें. १९१४ सालीं कार्ल्सरूहेच्या विद्यालयानें कार्ल बेंझ यांना सन्माननीय डॉक्टर केलें. १९२५ सालीं निघालेल्या आपल्या आत्मचरित्रांत त्यांनीं पडत्या काळांत पाठीशीं उभी राहिलेली एकच व्यक्ति म्हणून पत्नीचा उल्लेख मोकळेपणानें केला आहे. टांचणी व पट्टी यांची हकीगत जगाला कळली ती अशाच घरच्या आठवणींतून. कारण कंपनीच्या दप्तरांत असल्या दुरुस्तीची नोंद कोण ठेवणार? ४ एप्रिल १९२९ रोजीं कार्ल बेंझ वारले. बर्थाबाई त्यांच्यामागें आणखी पंधरा वर्षें राहिल्या. दोन महायुद्धें, आणि ज्या वस्तूसाठीं त्यांनीं हुंडा ओतला होता ती वस्तु कोट्यवधींच्या संख्येनें रस्त्यांवर धांवतांना, हें सर्व त्यांनीं पाहिलें.

अमेरिकेंतील ऑटोमोटिव्ह हॉल ऑफ फेम या संस्थेनें कार्ल बेंझ यांना १९८४ सालीं आपल्या मानकऱ्यांत घेतलें. बर्थाबाईंना तो मान २०१६ सालीं मिळाला. २००८ पासून मान्हाइम ते फोर्त्सहाइम व परत हा त्यांचा मार्ग बर्था बेंझ स्मारकमार्ग या नांवानें पाट्या लावून आंखून दिला आहे, आणि जुन्या गाड्यांचे शौकीन त्यावरून आपलीं वाहनें नेतात. वाटेंत त्यांच्याहि गाड्या मिसिंग करीत असतीलच.

मृत्यूपूर्वींचा एक प्रसंग राहिला. ३ मे १९४४ रोजीं बर्थाबाईंना ९५ वें वर्ष पुरें झालें. बाहेर युद्ध पेटलेलें होतें. त्या दिवशीं कार्ल्सरूहेच्या तांत्रिक विद्यालयानें त्यांना सन्माननीय सिनेटर ही पदवी दिली. त्या विद्यालयाकडून ही पदवी मिळालेली पहिली स्त्री त्याच. ज्या दारांतून तरुणपणीं त्यांना आंत जातां आलें नसतें त्या दारानें ७० वर्षांहून अधिक काळानंतर त्यांना आपल्यांत गणलें. दोनच दिवसांनीं, ५ मे रोजीं, लाडेनबुर्गच्या घरीं त्यांचें निधन झालें, आणि त्या गांवांतील स्मशानभूमींत पतीशेजारीं त्यांना मूठमाती देण्यांत आली. स्मारकमार्गाच्या पाट्या पाहत मान्हाइमहून निघालें म्हणजे हायडेलबर्गच्या अगोदर हें गांव लागतें.